सोन्याच्या विटांचा हिशेब आणि माणसांची यादी

(मालेगाव, जि. वाशीम येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि वक्त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आपल्या गावाचं नाव सांगितलं की बाहेरचा माणूस लगेच विचारतो, "कोणतं मालेगाव?" मग आपण सांगतो, "नाशिककडचं नव्हे हो, वाशीम जिल्ह्यातलं. मालेगाव जहांगीर." म्हणजे नुसत्या नावानं भागत नाही, नावामागं पत्ता लागतो. आजचा सगळा विषय या एका गोष्टीभोवती फिरणार आहे. युद्धाच्या विध्वंसात जी साधी माणसं मारली जातात, त्यांची आठवण संग्रहालयात कशी मांडावी, हा तो विषय. कोणती वस्तू ठेवावी, पाटीवर काय लिहावं, उजेड किती असावा, हे सगळं पुढं येईलच. पण त्या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो: आपण नेमकी कोणाची आठवण करतो आहोत? त्यांची नावं आपल्याजवळ आहेत का? आणि नसली तर काय करायचं?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, युद्धाचा आणि आपला काय संबंध? संबंध आहे. अकोल्याच्या पलीकडं, तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. तिथं २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेची आणि नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजेची लढाई झाली. पुढं पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला. त्याच सुमारास दख्खनेत आणि वऱ्हाडात भयंकर दुष्काळ होता, आणि फौजांच्या येण्याजाण्यानं, लुटालुटीनं तो आणखी भयंकर झाला. लढाईचा तपशील आपल्याला मिळतो. कोणती पलटण कुठं उभी होती, तोफा किती होत्या, सगळं. पण ज्या गावांची उभी पिकं फौजेच्या घोड्यांनी खाल्ली, त्या गावांतल्या माणसांची यादी इतिहासाच्या पुस्तकात नाही. हा फरक लक्षात ठेवा.

मी आज मुख्यतः बोलणार आहे ते मुंबईच्या एका घटनेवर. आणि ती घटना समजून घ्यायला तुमच्याइतका जाणता श्रोता मला मुंबईत मिळायचा नाही, कारण तिच्या मुळाशी आहे कापूस. आपला वाशीम जिल्हा म्हणजे कारंज्याच्या बाजाराचा जिल्हा. १८८६ साली तिथं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. तेव्हा कापसाची आग काय असते हे तुम्हाला शिकवायला नको. जिनिंगमध्ये गंजीला आग लागली की वरून ज्वाळा दिसत नाही. आत धुपत राहते. वरून पाणी मारा, वरचा थर भिजतो, आतली आग तशीच. आणि दाबून बांधलेल्या गाठीला लागली तर मग विचारूच नका.

आता १९४४ साल डोळ्यांपुढं आणा. दुसरं महायुद्ध चालू आहे. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेड बंदरातून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, लढाऊ विमानं आणि सोनं. कराचीला विमानं उतरली आणि मोकळ्या झालेल्या जागेत रुईच्या हजारो गाठी चढवल्या. ती रुई आपल्या वऱ्हाडातली नव्हती, कराचीची होती. पण रुईचा गुणधर्म सगळीकडं सारखाच. जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात खाली रुई आणि तिच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं, अशी ती रचना होती.

जहाज १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल निशाण लावायचा नियम. ते लावलेलं नव्हतं. माल उतरायला दोन दिवस वाट बघावी लागली. १४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमाराला कोठारातून धूर येताना दिसला. बंब आले. नऊशे टनांहून जास्त पाणी आत सोडलं, पण आग नेमकी कुठं आहे तेच सापडेना. पाणी उकळायला लागलं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून पळण्याचा हुकूम झाला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट. पेटलेल्या गाठी आकाशातून मांडवी भागातल्या वखारींवर, चाळींवर, झोपड्यांवर पडल्या. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळालं. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. पुढं आठ हजार माणसांनी सात महिने राबून सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा सुरू झाली.

आता हिशेबाकडं येऊ. जहाजावर सोनं होतं म्हणालो. ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत चार विटा, एका विटेचं वजन साधारण पावणेतेरा किलो. म्हणजे एकूण १२४ विटा. स्फोटात त्या कुठंच्या कुठं उडाल्या. एक वीट तर मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. त्यानं ती सरकारला परत केली. पुढं कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. या घटनेवर कोणीही चार ओळी लिहिल्या तरी त्यात ती सोन्याची वीट असतेच असते.

आणि माणसं? किती मेली? कोणी आठशे म्हणतं, कोणी तेराशे. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, हा आकडा नेमका आहे. गोदीच्या निरनिराळ्या सेवांत असलेले, हे बंबवाले धरून, २३१ जण गेले असं सांगतात. त्यापलीकडचे नागरिक पाचशेहून अधिक. 'अधिक' म्हणजे किती? आठशे आणि तेराशे यांच्यातला फरक पाचशेचा आहे. पाचशे माणसं म्हणजे आपल्याकडचं एक लहान गाव. विटा १२४ होत्या हे आपण विटेनिशी सांगू शकतो आणि एका गावाएवढी माणसं होती की नव्हती, यावर अंदाज बांधत बसतो. युद्धाच्या बळींचं संग्रहालय करायचं असेल तर सुरुवात इथून करावी लागते, असं माझं म्हणणं आहे.

हे असं का झालं? दोन कारणं सांगतो. पहिलं, युद्धकाळातली बातमीवरची बंदी. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं ही बातमी दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला दिली. आपल्याकडं मात्र ती सविस्तर छापायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. ज्या दिवसांत नातेवाईक एकमेकांना शोधत होते, त्याच दिवसांत वर्तमानपत्राचं तोंड बांधलेलं होतं. साताऱ्याकडं, कोकणात ज्याची बायकामुलं होती, त्या हमालाच्या घरी कोण सांगणार?

दुसरं कारण हजेरीपट. गोदीतला बराचसा कामगार रोजंदारीवरचा होता. टोळीवाला सकाळी माणसं उचलायचा, संध्याकाळी मजुरी वाटायचा. आज आलेला उद्या येईलच असं नाही. जहाजावरच्या मालाची कागदपत्रं होती, गाठींवर खुणा होत्या, पण गाठ वाहणाऱ्याचं नाव बऱ्याचदा कुठल्याच वहीत नव्हतं. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा आला १९४८ साली. माथाडी कामगारांचा कायदा महाराष्ट्रात आला १९६९ साली. आपण म्हणतो, या कायद्यांनी मजुरी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला. खरंच आहे. पण त्यांनी आणखी एक गोष्ट दिली. कामगाराचं नाव वहीत आलं. ज्याचं नाव जिवंतपणी वहीत नाही, त्याचं नाव मेल्यावर दगडावर येत नाही.

१४ एप्रिल ही तारीख तुम्ही सगळे बाबासाहेबांची जयंती म्हणून ओळखता. त्याच दिवसापासून देशभर अग्निशमन सप्ताहही पाळतात, तो या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. ते असायलाच हवं, त्यांनी पळायच्या वेळी पाणी मारलं. पण त्यांची आठवण टिकली याला एक साधं कारण आहे. ते एका दलाचे होते आणि दलाकडं यादी होती. शेजारीच मेलेला हमाल कुठल्याच दलाचा नव्हता.

आता जरा मागं जाऊन पाहू, आपण आजवर युद्धातल्या मृतांची आठवण कशी ठेवत आलो. सगळ्यात जुनी रीत वीरगळाची. गावाच्या वेशीजवळ, महादेवाच्या देवळाशी उभे असलेले दगड तुम्ही पाहिले असतील. खालच्या चौकटीत लढाई, कधी गाईगुरांच्या राखणीत आलेलं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गरजही नव्हती. गावाला ठाऊक होतं हा कोणाचा आजा ते. चार पिढ्यांनी गाव विसरलं आणि दगड मुका झाला. चित्र राहिलं, नाव गेलं.

दुसरी रीत पहिल्या महायुद्धानंतरची. इंग्रज सरकारनं अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून अमुक इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा मजकुराच्या. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, त्या गावचे ४६ जण त्या युद्धात गेले. पाटी म्हणजे आकडा. वीरगळाला चित्र होतं आणि नाव नव्हतं. इथं आकडा आला, पण नाव नाहीच.

तिसरी रीत नावाची. १९१७ साली युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांसाठी साम्राज्याचा एक आयोग नेमला गेला. त्याचं तत्त्व फार मोठं होतं. हुद्दा कोणताही असो, जात-धर्म कोणताही असो, प्रत्येक मृताला सारखा मान आणि प्रत्येकाचं नाव. पुण्याजवळ खडकीला त्या आयोगाची दफनभूमी आहे, जाऊन पाहा. सारख्या उंचीचे, सारख्या घडणीचे दगड ओळीनं उभे आहेत. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला १९२७ साली भारतीयांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर ४,७०० हून अधिक नावं कोरली आहेत.

पण हे तत्त्व सगळीकडं सारखं लागू झालं का? इराकमधल्या बसऱ्याचं स्मारक घ्या, १९२९ सालचं. मेसोपोटेमियाच्या त्या मोहिमेत आपली मराठी माणसं फार होती. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. घोड्यांचं मांस खाऊन दिवस काढले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेत कितीतरी मेले. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायाचं नाव कोरलं. भारतीय अधिकाऱ्याचं नाव कोरलं. आणि साध्या भारतीय शिपायाचं काय? पलटणीच्या नावाखाली आकडा. एवढे जण. फ्रान्समध्ये तुमच्या आज्याचं नाव आणि बसऱ्याला तुमच्या आज्याची बेरीज. २०२१ साली त्या आयोगानं स्वतःच चौकशी करून अहवाल दिला आणि मान्य केलं की पहिल्या महायुद्धातले किमान १ लाख १६ हजार मृत, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले, नावानिशी किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत. हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली.

म्हणजे चित्र, आकडा आणि नाव, अशा या तीन पायऱ्या आहेत. सैनिक जेमतेम तिसऱ्या पायरीवर पोचला. गोदीतला हमाल अजून दुसऱ्याही पायरीवर नीट उभा नाही.

आता मांडणीकडं येतो. समजा, या गोदीतल्या मृतांचं एक दालन उभं करायचं आहे. आजकाल दालन म्हटलं की पहिला विचार येतो तो असा: अंधारी खोली, मोठा पडदा, धडाम्‌ आवाज, लाल दिवे, खालची जमीन हादरते. मुलं किंचाळतात, बाहेर येऊन म्हणतात, "मस्त होतं, पुन्हा बघू." अशा दालनात नायक कोण झाला? स्फोट. मेलेली माणसं त्याची सामग्री झाली. मी याला साफ नाही म्हणतो.

हिरोशिमाच्या संग्रहालयाला हा प्रश्न पडला होता. ते संग्रहालय १९५५ सालचं. तिथं अनेक वर्षं भाजलेल्या, कातडी लोंबणाऱ्या माणसांचे पुतळे होते. लोक त्यांच्यासमोर थबकायचे. २०१७ साली ते पुतळे काढले. काहींनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, भीषणता कमी कराल तर अणुबॉम्बचा धाक कमी होईल. पण संग्रहालयानं ठरवलं की बनवलेल्या वस्तूपेक्षा खरी वस्तू ठेवायची, आणि ती ज्याची होती त्याच्या नावासह. तिथं एक लहान मुलाची तीनचाकी सायकल आहे, गंजलेली. तीन वर्षांचा मुलगा तिच्यावर खेळत असताना बॉम्ब पडला. तो त्याच रात्री गेला. बापानं मुलाला अंगणात पुरलं आणि सोबत सायकल पुरली. चाळीस वर्षांनी ती उकरून काढली आणि संग्रहालयाला दिली. त्या सायकलीसमोर आवाज लागत नाही, लाल दिवा लागत नाही. एक सायकल, एक नाव, एक वय. बस.

म्हणजे पहिला नियम असा: वस्तू लहान असली तरी चालेल, पण ती कोणाची होती हे सांगता आलं पाहिजे. गोदीच्या दालनात सोन्याची वीट ठेवली तर सगळी गर्दी तिथंच जमेल. मी ती ठेवणार नाही. ठेवायचीच झाली तर तिच्या शेजारी एक कोरी वही ठेवीन आणि खाली लिहीन: विटा १२४, मोजलेल्या. माणसं ८०० ते १,३००, अंदाजे.

दुसरा नियम पाटीवरच्या क्रियापदाचा. 'स्फोट झाला, अनेक जण मरण पावले', हे वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे, पण त्यात कोणी काही केलंच नाही. रुई आणि दारूगोळा एकत्र रचला. कोणी? लाल निशाण लावलं नाही. का? जहाज दोन दिवस न उतरवता ठेवलं. कोणाच्या हुकमानं? पाटीवर कर्ता आला पाहिजे. कोणावर चिखल उडवायचा म्हणून नव्हे. मेलेल्या माणसाचं मरण काही पाऊस पडल्यासारखं आलेलं नाही, एवढं बघणाऱ्याला कळावं म्हणून.

तिसरा नियम: यादी अपुरी आहे हे लपवू नये. जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात नावांचं दालन आहे. गोल भिंतीवर खणच खण. ज्यूंच्या संहारात मारल्या गेलेल्या प्रत्येकासाठी एक पान, आणि ते पान त्याला ओळखणाऱ्यानं भरायचं. जी नावं अजून आली नाहीत त्यांच्यासाठी खण रिकामे ठेवले आहेत. बघणाऱ्याची नजर भरलेल्या खणांवरून रिकाम्या खणांकडं जाते आणि तिथंच अडकते. आपल्या दालनातही ६६ नावं एका भिंतीवर ठळक असावीत आणि शेजारची भिंत मोकळी असावी. तेवढीच मोठी नव्हे, किती तरी पटीनं मोठी. त्या भिंतीवर नुसत्या रिकाम्या ओळी. खाली वही आणि पेन. 'आमचे आजोबा त्या वेळी मांडवीला होते, परत आले नाहीत', असं कोणी लिहिलं तर ते नाव तपासून भिंतीवर चढावं.

चौथा नियम: यादीतून कोण बाहेर राहिलं ते विचारत राहा. हिरोशिमात जपान्यांबरोबर हजारो कोरियन माणसंही मेली. त्यातली बरीच मजुरीला आणलेली होती. त्यांचं स्मारक १९७० साली झालं, पण शांतता उद्यानाच्या बाहेर. ते आत यायला १९९९ साल उजाडलं. मरण एकाच दिवशी आलं आणि फाटकातून आत यायला एकोणतीस वर्षं लागली. ज्यांना आपण बळी म्हणतो तेही कोणाला तरी बाहेर ठेवतात.

पाचवा नियम सजावटीचा. हे उदाहरण युद्धाचं नाही, पण उपयोगी आहे. जालियनवाला बागेत शिरण्याचा तो अरुंद बोळ, ज्यातून फौज आत आली. २०२१ साली नूतनीकरण झालं तेव्हा त्या बोळाच्या भिंतींवर माणसांची शिल्पं बसवली. अनेक इतिहासकारांनी त्यावर टीका केली. त्या बोळाचं अरुंदपण, उघडंबोडकंपण हाच तर पुरावा होता. जागा स्वतः बोलत असेल तर कारागिरानं गप्प राहावं.

आणि काही अगदी साधी कामं. जुना कागद, पत्र, फोटो यांना उजेड खातो. त्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड नको, आणि ऊन तर नकोच नको. पाटीवरचा मजकूर साठ-सत्तर शब्दांपलीकडं गेला की उभा माणूस वाचत नाही. पाटी शाळकरी मुलाला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही वाचता येईल अशा उंचीवर हवी. दालनातून बाहेर पडताना बसायला बाक हवं आणि प्यायला पाणी हवं. रडू आलेल्या माणसाला फाटकाबाहेर ढकलू नये.

माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

श्रोता: सर, सरकारी चौकशीत तर तो अपघात ठरला ना? मग ती माणसं युद्धाची बळी कशी?

उत्तर: चांगला प्रश्न. चौकशीत घातपात ठरला नाही, अपघातच ठरला. पण विचार करा. दारूगोळा मुंबईत कशासाठी आला? युद्धासाठी. निशाण का नव्हतं? युद्धकाळ म्हणून. जहाजात रिकामी जागा सोडायची नाही, मिळेल तो माल भरायचा, ही घाई कशाची? युद्धाची. बातमी कोणी दाबली? युद्धाच्या कायद्यानं. ठिणगी अपघाती असेल, पण ती जिथं पडली ती रचना युद्धानं केली होती. दालनात दोन्ही लिहावं: चौकशीनं काय म्हटलं ते, आणि ही कारणंही. बघणाऱ्याला ठरवू द्या. अपघात हा शब्द एकदा लावला की हिशेब मागायचा हक्क संपतो, म्हणून तो जपून वापरावा.

एक शिक्षिका: शाळेतल्या मुलांना हे सगळं दाखवावं का? घाबरतील ना.

उत्तर: ताई, प्रेतांचे फोटो दाखवू नका. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही, आणि मेलेल्या माणसाची परवानगीही आपण घेतलेली नसते. पण त्या तीनचाकी सायकलीची गोष्ट मूल समजू शकतं. शिकताना मुलांना एक काम द्या. वर्गाचा हजेरीपट घ्या आणि विचारा, यातलं एक नाव लिहायचं राहिलं तर काय होईल? मुलं बरोबर उत्तर देतात. मी नाही असंच होईल, म्हणतात.

श्रोता: मुंबईचं ठीक आहे. आम्ही मालेगावात काय करावं?

उत्तर: इमारतीची वाट बघू नका. शाळेची एक खोली, एक टेबल आणि एक वही पुरे. तालुक्यातल्या गावागावांत जाऊन विचारा: कोणाचे आजोबा, पणजोबा लष्करात होते, बंदरावर, गिरणीत, गोदीत कामाला गेले आणि परतले नाहीत? १९६२, १९६५, १९७१ या लढायांत कोण गेलं? वहीत पाच रकाने करा. नाव, गाव, काम, शेवटची बातमी, आणि हे कोणी सांगितलं. पाचवा रकाना कधीही रिकामा सोडू नका; तो नसेल तर ती नोंद राहत नाही, नुसती वदंता होते. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. घरातली पत्रं, पेन्शनचे कागद, तारा मागून आणू नका. तिथंच मोबाईलवर नीट फोटो घ्या आणि मूळ कागद त्यांच्या हाती परत द्या. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्हींनी कागद मरतो. आणि हो, 'मालेगाव' एवढंच लिहू नका. पुढं तालुका, जिल्हा लिहा. पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडेल तेव्हा त्याला "कोणतं मालेगाव?" असं विचारावं लागू नये.